आधी माझ्या हातावर

कल्याणराम सरांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात सासूबाईंच्या शेजारी बसून हळदीत लिंबू पिळत होते. आमच्यासारख्या मराठी घरांत, ज्यांना इथले तमिळ लोक रायर म्हणतात, कुंकू विकत आणत नाहीत. हळदीची पूड, लिंबाचा रस आणि चिमूटभर टाकणखार, ज्याला कुंभकोणमच्या दुकानात वेंगारम म्हणतात, एकत्र कालवायचं आणि परातीत पसरून सावलीत वाळवायचं. कालवताना रंग काही विशेष नसतो. वाळत आलं की लाल चढतो.

फोनवर नाव बघून माझे हात थांबले. लावण्या पाळण्यात झोपली होती. मी आधी तिच्या छातीकडे पाहिलं, वर, खाली, वर, आणि मग कोपराने फोन उचलला.

"वाणीम्मा, बाळ कसं आहे?"

लावण्याला वर्ष होत आलं होतं. बाळ काचेच्या पेटीत असताना हा प्रश्न विचारायला त्यांना सवड झाली नव्हती.

"बरी आहे, सर."

"छान, छान. शुक्रवारी आपल्या पट्टीचा सोहळा आहे. डॉक्टर त्रिपुरसुंदरी येणार आहेत. त्यांच्याच नवजात बाळांच्या वॉर्डात सोमवारपासून चाचणी सुरू होतेय. स्टेजवर एका बाळाच्या छातीवर पट्टी लावून दाखवायची आहे. मी म्हटलं, बाहेरचं बाळ कशाला? आपल्याच वाणीचं आहे की."

"आपली पट्टी," मी म्हटलं.

"हो ना! आणि आता काय सुरेख जमते, ठाऊक आहे? पूर्वीसारखं दोन-दोन रात्री थांबायला नको. दोन मिनिटांत तयार!"

ते वाक्य मी मनात पुन्हा म्हणून पाहिलं. कारण माझी पट्टी दोन मिनिटांत होत नाही. होऊच शकत नाही.

"येते, सर," मी म्हटलं. "बाळाला घेऊन येते."

सासूबाईंनी परातीतून मान वर केली. रुक्मिणीबाई त्यांचं नाव. माहेर तिरुविसनल्लूरचं, बोलणं तिखट.

"कोण गे? तो तुझा वाद्यार, तो मास्तर काय? नांव खाऊन ढेकर दिला, आतां पोरगीही पाहिजे काय त्याला?"

"पाहिजे, अम्मा."

"मग येतें कां म्हटलेंस?"

मी परातीतल्या हळदीकडे बघत बसले.

पट्टीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावाबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात मी पीएच.डी. करत होते आणि कल्याणराम सर माझे मार्गदर्शक. काम होतं हायड्रोजेलचं. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत पदार्थ, जेलीसारखा. पण आम्हाला हवी होती ती अशी जेली, जी रबरासारखी ताणली जाईल, कातडीला स्वतःहून चिकटेल आणि जिच्यातून वीज वाहील. छातीवर चिकटवली की श्वासागणिक ती ताणली जाते, ताणली की विजेला होणारा अडथळा वाढतो, आणि पडद्यावर श्वासाची लाट उमटते. श्वास थांबला की लाट सपाट. बस, एवढंच. पण एवढ्यासाठी माझी चार वर्षं गेली.

पहिली जेली मी टाकणखार घालून केली होती. साध्या गोंदात असतं तेच पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, त्यात मिठाचं पाणी आणि टाकणखार. पोरं खेळायला स्लाइम करतात ना, त्याचाच थोरला भाऊ. चटकन जमते, काचेसारखी स्वच्छ दिसते, हातभर ताणली जाते. सर खूश. मीही खूश. मग मी वाचायला बसले आणि माझा आनंद ओसरला. टाकणखारातलं बोरॉन तान्ह्या मुलांना चांगलं नव्हे, आणि कमी दिवसांच्या बाळांना तर अजिबात नव्हे. तिरुनीलक्कुडीच्या देवळात पिंडीवर कितीही तेल घाला, ते मुरतं म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी तशीच असते. वर लावाल ते आत.

तेव्हा मला दिवस गेलेले होते. म्हणून असेल, पण मी हट्ट धरला की टाकणखार नको. महिनोन् महिने घालवून मी दुसरी जेली केली. चहाच्या रंगाची, हिरड्यातल्या टॅनिक अ‍ॅसिडमुळे चिकटणारी. तिच्यात एकच गोम होती: कशानंतर काय घालायचं. क्रम चुकला की सगळं नासलेल्या दुधासारखं फाटतं. तो क्रम मला सापडला आणि त्याच आठवड्यात माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सातव्या महिन्यात. सरांना मी घटक सांगितले होते, क्रम सांगायचा राहिला.

लावण्या पेटीत होती तेव्हा तिच्या छातीवर तारा चिकटवलेल्या असत. साध्या चिकटपट्टीने. एकदा नर्सने पट्टी काढली आणि तिच्याबरोबर कातडीचा चौकोन निघून आला. पोर रडलीसुद्धा नाही. रडायला छातीत वारा लागतो. मी काचेच्या बाहेर उभी होते आणि माझी पट्टी, जी कातडीचा कणही न घेता सुटते, ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये होती. तो चौकोनी डाग लावण्याच्या छातीवर अजून आहे.

मी परत गेले तेव्हा सरांनी सगळीकडून माझं नाव काढलं होतं. शोधनिबंधातून, विद्यापीठाच्या पत्रकातून, सगळीकडून. "रजेवर असलेल्या माणसाचं नाव कसं घालणार, वाणीम्मा? आधी मूल सांभाळा. पीएच.डी. कुठे पळून जातेय?" समितीकडे तक्रार केली तर समितीनेही हेच सुनावलं, फक्त जास्त आदराने. मी घरी बसले. मूल सांभाळलं. आणि त्या माणसाचा चेहरा पडलेला बघायचा, हे एक काम मनात शिल्लक ठेवलं.

सरांचा फोन ठेवल्यावर मी भुवनेश्वरीला फोनवर गाठलं. प्रयोगशाळेत ती माझ्यामागून आलेली. अजून तिथेच, पदवीच्या उंबरठ्यावर. मी सरळ विचारलं, जुनीच पट्टी करताय का?

"अक्का, तुम्हाला कसं कळलं?" ती कुजबुजली. "टॅनिक घातलं की फाटतं. कितीदा केलं. शेवटी सर म्हणाले, जुन्याच पद्धतीने करा, कागदावर नवी लिहा. एकदा चाचणी सुरू झाली की बघू पुढचं."

"टाकणखाराची पट्टी बाळांना लावणार?"

ती घाईने म्हणाली, "अक्का, माझं नाव घेऊ नका. दोन महिन्यांवर माझी तोंडी परीक्षा आहे. तुमच्या पाया पडते."

"नाही घेणार."

रात्री जेवताना मी हरिकृष्णला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो विमा कंपनीत आहे; त्याला प्रत्येक गोष्टीचा दावा कसा करायचा ते सुचतं.

"डॉक्टरबाईंना फोन कर. आत्ता. पट्टी थांबेल, प्रश्न मिटला."

"पुरावा काय देऊ? भुवनेश्वरीचं नाव घ्यायचं नाही. तो म्हणेल, नाव गेलं म्हणून बाई जळते आहे."

"जळते आहेसच की."

"आहेच."

त्याने भातावर रसम ओतलं, माझ्याकडे बघितलं. "वाणी, एक सांग. तुला पाहिजे काय नक्की? तुझं नाव, का त्याचं नाक?"

"नाक," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

सासूबाई ताकाचं भांडं घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "सोमवारच्या आंत काप म्हणजे झालें. पोरांना ती पट्टी लागतां उपयोगी नाही."

दुसऱ्या दिवशी मी घरातच जुनी जेली केली. गोंद, मीठ, सासूबाईंच्या डब्यातला टाकणखार. दोन मिनिटं. अंघोळीला हातापायांना हळद लावलेली होती, ती मनगटावर तशीच पिवळी होती. त्यावर जेलीचा तुकडा चिकटवला आणि लावण्याला भरवायला बसले. थोड्या वेळाने तुकडा सोलून काढला तर खाली लाल चौकोन.

"हातावरच कुंकूं केलेंस काय गे?" सासूबाई हसल्या.

मी हसले नाही. हळद साबणानेसुद्धा लाल होते, हे घराघरात ठाऊक असतं. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग कोणीही बाई बघते. सरही हेच म्हणतील. म्हणून मी दुसऱ्या मनगटावर साबण चोळला. तेही लाल. मग दोन्हींवर लिंबू पिळलं. दोन्ही पिवळी पडली. पण मी हात तसेच पंख्याखाली धरून बसले, कारण परात डोळ्यांसमोर होती. साबणाचा हात वाळला, पिवळाच राहिला. जेलीचा हात वाळत आला आणि कडांपासून, हळूहळू, लाल परतला. कुंकवासारखा. कुंकूच ते.

माझ्या दुसऱ्या जेलीचा एक तुकडा डबीत जपून ठेवलेला होता. तोही लावून पाहिला. हळद पिवळी ती पिवळीच. त्या दुपारी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

शुक्रवारी सकाळी न्हायले. दोन्ही मनगटांना गोळा हळद, गोल हळकुंडाची, दगडावर उगाळून लावली. निघताना सासूबाई म्हणाल्या, "मीही येतें. तूं भांडशील तेव्हां पोर कोण धरील?"

सभागृह गच्च भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी, मागे विद्यार्थी, दाराशी गुलाबपाण्याची झारी. आमच्याकडे मोठ्या माणसाचं स्वागत हातात लिंबू देऊन करतात. सरांनी स्वतः, कमरेत वाकून, चांदीच्या ताटातलं पिवळंधमक लिंबू डॉक्टर त्रिपुरसुंदरींच्या हातात ठेवलं. डॉक्टर साठीच्या पुढच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. लिंबू त्यांनी पर्समध्ये टाकलं नाही, मुठीत धरून बसल्या. मी नजर त्या मुठीवरून हलू दिली नाही.

सर बोलायला उभे राहिले. बोलणं तमिळमध्ये, मधून मधून इंग्रजी. "हे यश म्हणजे एका आईच्या काळजीचं विज्ञान आहे," ते म्हणाले. कोणत्या आईच्या, ते सांगितलं नाही. मग: "पूर्णपणे टाकणखारविरहित, हिरड्यापासून बनवलेली, नवजात बालकांसाठी सुरक्षित." मग आमच्याकडे हात करून: "आणि ही रायर घरची आपली मुलगी. सुरुवातीच्या दिवसांत तिनेही थोडा हातभार लावला होता. आज तिचंच बाळ आपल्याला आशीर्वाद देणार आहे."

टाळ्या. मी लावण्याला घेऊन वर गेले. भुवनेश्वरी ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ट्रेमध्ये पट्टी होती. चहाच्या रंगाची नव्हे. काचेसारखी स्वच्छ.

सरांनी पट्टी चिमटीत उचलली आणि लावण्याच्या झबल्याकडे हात नेला. पोरीने हात हवेत नाचवले, तिला तो खेळ वाटला. झबल्याची गाठ सुटली, तो चौकोनी डाग उघडा पडला. मला वाटलं होतं मी शांत राहीन. माझ्या तोंडून जे निघालं ते जवळजवळ ओरडणं होतं.

"आधी माझ्या हातावर!"

सर दचकले. मी आवाज खाली आणला, हसले. "अंघोळीचं पाणीसुद्धा आधी आईच्या हातावर पडतं, सर. मग बाळावर. घरचा रिवाज आहे."

सभागृहात हशा पिकला. मागून कुठली तरी बाई म्हणाली, "आईच ती!" डॉक्टर त्रिपुरसुंदरीही हसल्या. "बरोबर आहे तिचं. लावा आधी तिला." फोटोवाला पुढे सरकला. सरांना चित्र आवडलं असणार. आईच्या हातावर शास्त्रज्ञाचा हात. त्यांनी पट्टी माझ्या मनगटावर दाबून बसवली, तारा जोडल्या. पडद्यावर माझी नाडी उमटली. भलत्याच वेगाने. पुन्हा टाळ्या.

मी लावण्याला खाली सासूबाईंकडे दिलं आणि तशीच उभी राहिले. सर ताणाची टक्केवारी, चिकटण्याचा जोर, पुढच्या योजना सांगत होते. बोलू दिलं. बोलणं जितकं लांबेल तितकं मला हवंच होतं. शेवटी ते वळले. "आता बाळाला लावू या?"

"हो. ही काढते आधी," मी म्हटलं, आणि पट्टी सोलली.

पिवळ्या मनगटावर लाल चौकोन. मी हात उंच धरला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना पुढे काढल्या.

"हे काय झालं?" डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"काही नाही, मॅडम," सर झटकन म्हणाले. "हळद आहे. साबण राहिला असेल हाताला. बायकांना ठाऊक असतं."

"ठाऊक असतं, सर. म्हणूनच दुसऱ्या हाताला साबण लावते." पर्समधून ओला केलेला साबणाचा तुकडा काढला, दुसऱ्या मनगटावर चोळला. तोही लाल झाला.

"पाहिलंत?" सर हसले.

"पाहिलं. डॉक्टर, तुमच्या हातातलं लिंबू देता?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग काही न विचारता त्यांनी लिंबू दिलं. मी नखाने साल फोडून ते दोन्ही हातांवर पिळलं, आणि दोन्ही हात पिवळे झाले.

सर मोठ्याने हसले, माइकमध्ये. "वाणीम्मा, हा प्रयोग सहावीतला आहे. या रायर घरातल्या बायकांची कुंकवाची हौस काही जात नाही! मॅडम, आपण पुढे—"

"वाळू द्या, सर," मी म्हटलं. "कुंकू वाळल्यावर कळतं."

स्टेजच्या कडेला उभा पंखा होता. मी त्याच्यासमोर जाऊन दोन्ही मनगटं धरली. आमच्या गावची हवा म्हणजे कावेरीतून पिळून काढलेली. काही लवकर वाळत नाही. लोक चुळबुळ करू लागले. फोटोवाल्याने कॅमेऱ्याला टोपण लावलं. खाली लावण्या रडायला लागली, आणि माझे हात वाळण्याऐवजी घामाने ओलेच होत होते. सर घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती. तीच दया, जिने त्यांनी मला म्हटलं होतं, आधी मूल सांभाळा. मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, थांब. थांब जरा.

मग उजव्या मनगटावर, चौकोनाच्या कडेला, एक लाल रेघ उमटली.

"अगे, कुंकूं!" सासूबाई लावण्याला खांद्यावर घेऊन ताडकन उभ्या राहिल्या. त्या सभेत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. पण रेघ सगळ्यांना दिसत होती. ती आत पसरत गेली, चौकोन भरला. डावा हात पिवळाच.

मी डॉक्टरांसमोर दोन्ही हात धरले. "घरी कुंकू करतात ते हळद, लिंबू आणि वेंगारम यांचं. साबणाचा लाल लिंबाने जातो आणि परत येत नाही. हा परत आला. हळद माझी. लिंबू सरांनी तुम्हाला दिलेलं. वेंगारम या पट्टीतलं."

डॉक्टरांनी माझं मनगट धरून उजेडाकडे वळवलं, बोटाने दाबून पाहिलं. मग त्या सरांकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"माझ्या वॉर्डात किलोभराची मुलं आहेत, कल्याणराम. तुम्ही मला कागदावर लिहून दिलंय की यात टाकणखार नाही."

"मॅडम, काहीतरी गफलत... प्रयोगशाळेत विद्यार्थी... भुवनेश्वरी!" ते गरकन वळले. "काय घातलंस तू? तुला कोणी सांगितलं होतं जुन्या पद्धतीने करायला?"

भुवनेश्वरीने ट्रे छातीशी धरला. तिने माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा. हे मी योजनेत धरलं नव्हतं. पडेल तो एकटाच, असं मी गृहीत धरलं होतं. जाता जाता एक पोरगी खाली ओढायला त्याला किती वेळ लागतो, याचा विचार केला नव्हता.

"तिला कसं ठाऊक असणार?" मी म्हटलं. "नवीन पद्धतीचा क्रम तिला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मी कोणाला सांगितलाच नव्हता. जी पट्टी करताच येत नाही, ती करायला तुम्ही तिला बसवलंत, सर. मग सोमवारी बाळांना लावायला काय पाठवणार होतात?"

सभागृहात गलका सुरू झाला. डॉक्टर फोन काढून वॉर्डात कोणाला तरी सांगत होत्या, सोमवारचं रद्द करा. वार्ताहर स्टेजच्या कडेला आले.

तेवढ्यात सरांनी माझ्या कोपराला धरलं आणि स्टेजच्या पडद्याआड नेलं. जवळून पाहिलं तर त्यांच्या ओठावर घाम होता. ते फार वेगाने बोलले.

"वाणी, ऐक. झालं ते झालं. निबंध मागे घेतो, नव्याने पाठवतो. पहिलं नाव तुझं. पेटंटचा अर्ज अजून दिलेला नाही, त्यातही पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. पीएच.डी. या वर्षात. तू फक्त क्रम सांग. बाहेर जाऊन आपण दोघं म्हणू, चुकीच्या ट्रेमधली पट्टी आली. तुझी पोरगी मोठी होईल तेव्हा आईचं नाव बघेल. विचार कर."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू? वर्षभर मी हेच शब्द डोक्यात रचत होते, याच माणसाच्या तोंडून, याच घाबऱ्या आवाजात. पहिलं नाव तुझं. ते ऐकताना गोड लागलं, घशापर्यंत गोड लागलं. आणि मग 'दुसरं माझं' हे ऐकू आलं. लावण्याच्या छातीवरच्या डागाखाली यांची सही.

"विचार केला, सर," मी म्हटलं आणि पडदा सारून माइककडे गेले.

वार्ताहरांचे फोन वर झाले. मी तमिळमध्ये बोलले, हळू, सासूबाई लोणच्याची कृती सांगतात तशी.

"ज्यांना लिहून घ्यायचं त्यांनी घ्या. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात घालून पातळ खिरीसारखं शिजवा. साच्यात ओता. रात्रभर गोठवा, दिवसा वितळू द्या. पुन्हा गोठवा, पुन्हा वितळू द्या. आता ते धरतं, पण चिकटत नाही. आता, आणि आत्ताच, ते हिरड्याच्या टॅनिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवा. मीठ त्याच पाण्यात. हिरडा आधी घालाल तर फाटेल. शेवटी घाला. एवढंच आहे."

प्रमाणंही सांगितली. भुवनेश्वरीने ट्रे खाली ठेवून हातावर पेनाने लिहून घेतली. डॉक्टर त्रिपुरसुंदरींनी मध्येच एक शंका विचारली, मी उत्तर दिलं. वॉर्डात लावायच्या आधी अजून पुष्कळ तपासावं लागेल, हेही सांगितलं.

हे करताना मी समोर बघत नव्हते. मी पडद्याच्या फटीकडे बघत होते, जिथे सर उभे होते. भर सभेत सांगून टाकलेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. हिरडा शेवटी, हे शब्द मी उच्चारले तेव्हा त्यांना कळलं. आधी डोळ्यांना, मग तोंडाला, मग खांद्यांना. ती पट्टी आता त्यांची होणार नव्हती. माझीही होणार नव्हती. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मी फक्त बघत होते. वर्षभराची भूक होती, घाईने कशी भागणार?

रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "क्षमा मागितली काय त्याने?"

"नाही."

"मागितली असती तर?"

"तरी माइककडे गेले असते."

त्यांनी लावण्याचं टोपरं नीट केलं. मग म्हणाल्या, "हरिकृष्ण विचारील, नांव मिळालें काय म्हणून."

"सांगते त्याला. नाक मिळालं."

घरी आल्यावर लावण्याने माझ्याकडे झेप घेतली. मी तिला तशीच थोपवून न्हाणीत गेले. मनगट साबणाने धुतलं, बेसनाने घासलं, खोबरेल लावून पुसलं, पुन्हा धुतलं. टाकणखाराचा कणही तिच्या तोंडात जायला नको होता. लाल फिकट झाला, पण गेला नाही. हळदीचा डाग उन्हाने उडतो, आणि ऊन उतरून गेलं होतं.

ती बाहेर रडत होती. सासूबाई हाक मारत होत्या, "येतेस काय गे? भूक लागली आहे पोरीला."

मी उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत स्वच्छ फडकं गुंडाळलं, गाठ दातांनी आवळली, आणि तिला डाव्या हातावर घेतलं. पिता पिता ती झोपली. सवयीने उजव्या हाताची दोन बोटं तिच्या छातीकडे गेली, डागाच्या शेजारी, आणि मी ती मागे घेतली. डाव्या हाताने जमेना, म्हणून शेवटी तिला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, "अम्मा, आज तुम्ही बघा. वर-खाली होतंय ना?"

"होतें आहे," त्या म्हणाल्या.

"नीट बघा."

"बघतेंच आहे गे. होतें आहे."